चित्रपटातील रंगांचे इमान

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मानमंदिर नावाचा राजवाडा आहे. तोमर वंशातील राजा मानसिंह याने तो बांधविला. या राजाची कारकीर्द १४८६ ते १५१६ अशी धरतात. राजवाड्याच्या पिवळसर दगडी भिंतींवर झिलईदार फरशांची नक्षी आहे. तीत पिवळ्या हंसांच्या रांगा आहेत, हत्ती आहेत, मगरी आहेत, केळीची झाडे आहेत आणि या साऱ्यांना सांधणारे निळ्या रंगाचे पट्टे आहेत. पाच शतकांचे ऊनपाऊस सोसूनही ही निळाई अद्याप डोळ्यांत भरते. बाबर १५२८ साली ग्वाल्हेरला आला होता. आपल्या आत्मचरित्रात त्याने या राजवाड्याचे वर्णन करून ठेवले आहे, आणि त्याच्या ध्यानात राहिल्या त्या हिरव्या फरशा व त्यांतून काढलेली केळीची झाडे. आजचा प्रवासी त्याच भिंतीला निळी म्हणतो. त्याच्या शेजारचा तिला फिरोजी म्हणेल आणि तिसरा मोरपिशी. सकाळच्या कोवळ्या उन्हात, जेठातल्या धुळकट दुपारी आणि संध्याकाळी ती भिंत निरनिराळी दिसते हे तर वेगळेच. एका रंगाला नाव देताना जिथे माणसांची इतकी ओढाताण होते, तिथे तोच रंग चार यंत्रांतून आणि तीन शहरांतून जसाच्या तसा पार पाडणे किती बिकट असेल, याची कल्पना करावी.

समजा, शिंदेशाहीवरील एखाद्या मराठी चित्रपटाचे चित्रीकरण या भिंतीपाशी झाले. चौकटीच्या एका कोपऱ्यात खालच्या शहरातला मोबाइलचा मनोरा आला आहे, विजेच्या तारा आल्या आहेत. त्या पुसून टाकायच्या आहेत, आणि पायथ्याशी लष्कराच्या राहुट्या उभ्या करायच्या आहेत. चित्रीकरणाच्या फाइली मुंबईला संकलकाकडे जातात. त्यांतले दोन-चार तुकडे पुण्याला व्हीएफएक्सच्या, म्हणजे संगणकावर दृश्ये घडविणाऱ्या मंडळींकडे जातात. तारा जातात, राहुट्या येतात, तुकडे परत मुंबईला पोचतात. संकलक ते जागच्या जागी बसवितो आणि पाहतो तो काय, आधीच्या दृश्यात मोरपिशी असलेली भिंत या दृश्यात धुऊन काढल्यासारखी फिकी झाली आहे. संकलक म्हणतो, पुण्याने रंग बिघडवला. पुण्याची मंडळी शपथेवर सांगतात, भिंतीला हातसुद्धा लावलेला नाही. आणि नवलाची गोष्ट अशी की, दोघेही खरे बोलत असतात.

या भांडणात पैसा आणि वेळ दोन्ही जातात. किल्ला हे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील स्मारक आहे. तिथे पुन्हा चित्रीकरण करावयाचे म्हणजे पुन्हा परवानगी आणि पुन्हा सगळा लवाजमा. मोठ्या भांडवलाच्या चित्रपटाला हे परवडेल. बेताच्या भांडवलावर उभ्या राहणाऱ्या मराठी चित्रपटाला मात्र तेच फिके दृश्य पदरात घेऊन पुढे जावे लागते, आणि प्रेक्षकाला कारण न कळताही एवढे निश्चित जाणवते की, इथे काहीतरी खोटे आहे.

या गोंधळाचे मूळ समजण्यासाठी एक साधी गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे. संगणकाच्या फाइलीत रंग नसतो, आकडे असतात. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे, एक तांबड्याचा, एक हिरव्याचा आणि एक निळ्याचा. पुष्कळांची समजूत अशी की, हे तीन आकडे म्हणजेच रंग. वस्तुतः तसे नाही. ग्वाल्हेर हे ख्याल गायकीचे माहेरघर. १९१८ साली माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाने येथे माधव संगीत महाविद्यालय निघाले. तिथला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा सांगेल की, वहीत 'सा रे ग' असे लिहिलेले असले म्हणून कोणता स्वर किती उंच लावायचा ते त्यावरून कळत नाही. गायकाने काळी एक धरली आहे की पांढरी चार, हे आधी ठरावे लागते. तंबोरा त्या पट्टीत लागला म्हणजे मग वहीतल्या 'सा'ला अर्थ येतो. दोन गायकांनी एकच वही पुढे ठेवली आणि दोन पट्ट्या धरल्या, तर दोघेही वहीबरहुकूम गातील आणि तरीही मेळ बसणार नाही. फाइलीतले आकडे ही वही आहे. तिची पट्टी निराळी सांगावी लागते. त्या पट्टीला या धंद्यात 'कलर स्पेस' म्हणतात. मराठीत रंगावकाश म्हणावे.

रंगावकाश सांगणे म्हणजे काय सांगणे? पहिली बाब अशी की, ज्याला आपला तांबडा, हिरवा आणि निळा म्हणायचे ते नेमके कोणते. दुसरी, पांढरा म्हणजे कोणता पांढरा. कारण ढगाळ दिवसाचा पांढरा निळसर असतो आणि दिव्याखालचा पिवळसर. जयविलास राजवाड्याच्या दरबार दालनात झुंबरे पेटवून आणि खिडक्या उघड्या ठेवून एकाच वेळी चित्रण केले, तर एकाच दालनात दोन पांढरे रंग सापडतात. या दोन्ही बाबी मोजण्याची सर्वमान्य फूटपट्टी १९३१ साली ठरली. प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय मंडळाने राइट आणि गिल्ड या दोघा इंग्रज संशोधकांच्या प्रयोगांवरून सर्वसाधारण मानवी दृष्टीचे कोष्टक तयार केले, ते आजही कामाला येते. दूरदर्शन संचांचा 'रेक. ७०९' हा संकेत १९९० चा, संगणकाच्या पडद्याचा 'एसआरजीबी' हा १९९६ चा आणि त्यानंतरचा चित्रपटगृहातील प्रक्षेपकाचा 'पी-३', हे सर्व त्याच कोष्टकावर आखलेले त्रिकोण आहेत. पहिले दोन त्रिकोण सारखेच आहेत, तिसरा मोठा आहे.

तिसरी बाब सर्वांत घातक, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे आकडा आणि प्रकाश यांचे परस्पर नाते. आकडा दुप्पट झाला म्हणजे उजेड दुप्पट होतो, असे सर्वसाधारण फाइलीत घडत नाही. मानवी दृष्टी अंधाऱ्या भागातले बारीक फरक चटकन ओळखते आणि उजळ भागातल्या फरकांकडे दुर्लक्ष करते. म्हणून फाइलीतले थोडके आकडे वाया जाऊ नयेत यासाठी ते वक्ररेषेने वाटलेले असतात. एसआरजीबीमध्ये ० ते २५५ हे आकडे असतात. त्यांतला १२८ हा निम्म्यावरचा आकडा निम्मा उजेड दाखवीत नाही, केवळ २२ टक्क्यांच्या आसपास दाखवितो. निम्म्या उजेडासाठी १८८ पर्यंत जावे लागते.

चित्रपटाचा कॅमेरा याही पुढे जातो. मानमंदिराच्या झरोक्यातला अंधार आणि बाहेरचे लखलखीत आकाश ही दोन्ही त्याला एका चौकटीत धरायची असतात. त्यासाठी तो 'लॉग' नावाची अतिशय सपाट वक्ररेषा वापरतो. अशी फाइल जशीच्या तशी पडद्यावर टाकली तर चित्र धुक्यातले वाटते, राखाडी आणि निर्जीव. तो दोष नव्हे. ते कच्चे धान्य आहे, अजून शिजायचे आहे. अडचण अशी की, प्रत्येक कॅमेरा बनविणाऱ्याने आपापली लॉग रेषा काढली आहे. छायालेखक प्रकाश मोजण्यासाठी जो राखाडी पुठ्ठा वापरतात, म्हणजे आपल्यावर पडलेल्या उजेडातला १८ टक्के उजेड परत पाठविणारा, त्याचे उदाहरण घ्यावे. ० ते १०२३ या मापनात सोनीच्या 'एस-लॉग ३' मध्ये तो ४२० वर लिहिला जातो. आरी या जर्मन कंपनीच्या 'लॉग सी ३' मध्ये, ८०० या संवेदनशीलतेवर, तोच पुठ्ठा ४०० वर येतो. त्याच आरी कंपनीच्या नव्या 'लॉग सी ४' मध्ये तो सुमारे २८५ वर असतो. पुठ्ठा एक, ऊन एक, आणि आकडे तीन! नव्या कॅमेऱ्याची फाइल एखाद्या प्रणालीने जुन्याच रेषेची समजून उघडली, तर दिवसाचे दृश्य संध्याकाळचे होऊन बसते. कोणीही काहीही 'केलेले' नसते.

आता त्या मुंबई-पुणे भांडणाकडे वळावे. संकलकाची प्रणाली आणि व्हीएफएक्सची प्रणाली यांचे स्वभावच मुळात निराळे आहेत. संकलक पडद्याकडे पाहून काम करतो. त्याच्या दृष्टीने आकडा म्हणजे पडद्यावर काय दिसावे याची आज्ञा. व्हीएफएक्सच्या कारागिराला मात्र उजेडाची बेरीज-वजाबाकी करावयाची असते. राहुटीची कड भिंतीवर निम्मी झाकते, तिथे निम्मा उजेड राहुटीचा आणि निम्मा भिंतीचा यावा लागतो. हा हिशेब वक्र आकड्यांवर केला तर बरोबर येत नाही. निळ्या फरशीच्या आणि पिवळ्या कापडाच्या मधोमध एक मळकट काळी किनार उमटते. म्हणून न्यूकसारखी प्रणाली फाइल उघडतानाच वक्ररेषा उलगडून आकडे सरळ, उजेडाच्या प्रमाणात करून घेते, सगळे काम त्यात करते आणि बाहेर देताना पुन्हा रेषा चढविते. यात अडचण ती कोणती? उलगडताना एक रेषा धरली आणि चढविताना दुसरी, एवढीच.

आणि प्रणाली अंदाजही बांधते. फाइलीवर पट्टी लिहिलेली नसेल तर ती स्वतःच्या समजुतीने एक ठरवून मोकळी होते. न्यूकच्या मूळ मांडणीत साध्या आठ बिटांची फाइल एसआरजीबी समजली जाते, तर दहा बिटांची डीपीएक्स फाइल 'सिनिऑन' समजली जाते. सिनिऑन ही कोडॅक कंपनीने फिल्मवरील चित्र संगणकात उतरविण्यासाठी काढलेली रेषा. आरीच्या लॉगमधले चित्र डीपीएक्समध्ये भरून पाठविले आणि चिठ्ठी लिहिली नाही, तर ते सिनिऑनच्या नियमाने उलगडले जाणार. आफ्टर इफेक्ट्समध्ये 'वर्किंग स्पेस' निवडलेली नसेल तर तो आकड्यांना पट्टीच लावीत नाही. ब्लेंडरमध्ये आणखी एक मौज आहे. त्याच्या पडद्यावर दिसणारे चित्र एका सौम्य करणाऱ्या चष्म्यातून दाखविलेले असते. २०२३ सालच्या ४.० या आवृत्तीपासून त्या चष्म्याचे नाव 'एजीएक्स' आहे. चित्र पीएनजी स्वरूपात काढले तर तो चष्मा चित्रात कायमचा भाजला जातो, ईएक्सआर स्वरूपात काढले तर जात नाही. एकाच कारागिराने सोमवारी पीएनजी दिली आणि मंगळवारी ईएक्सआर, तर राहुटीच्या दोन दृश्यांत दोन रंग होणारच.

'भाजला जातो' हा शब्द धंद्यातलाच आहे, आणि निम्म्याहून अधिक तंटे त्यातूनच उपजतात. लॉगचे फिके चित्र दिग्दर्शकाला बघवत नाही, म्हणून त्यावर एक रूपांतराचा तक्ता चढवितात. त्याला 'लट' असे म्हणतात. तो तक्ता नुसता पाहण्यासाठी असला तर हरकत नाही. पण संकलकाने घाईत तो तक्ता चढविलेलेच चित्र पुण्याला धाडले, आणि पुण्याहून आल्यावर मुंबईच्या प्रणालीने सर्व तुकड्यांना पुन्हा तोच तक्ता लावला, की रंग दुप्पट भडक होतात. उलट प्रकारही होतो. खारट झालेल्या आमटीतून मीठ काढता येत नाही, तसे भाजलेल्या चित्रातून तक्ता सहसा पुरता काढता येत नाही. कारण जे उजळ तपशील एकदा पांढऱ्यात बुडाले ते बुडालेच.

फिकेपणाचे आणखी एक कारण इतके क्षुल्लक आहे की, त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. दूरदर्शनच्या जुन्या प्रथेप्रमाणे आठ बिटांच्या चित्रात काळा ० वर नसून १६ वर असतो आणि पांढरा २५५ वर नसून २३५ वर. संगणकाच्या प्रथेत पूर्ण ० ते २५५ वापरतात. एका प्रणालीने पहिल्या प्रथेने लिहिले आणि दुसरीने दुसऱ्या प्रथेने वाचले, की काळा राखाडी होतो आणि पांढरा मळतो. मुंबईच्या संकलकाला दिसलेली 'धुतलेली' भिंत पुष्कळदा याच घाटावर धुतलेली असते. मॅक संगणकावरील फिकेपणाची तक्रार मात्र जराशी निराळी. तिथल्या प्लेअरमध्ये चित्र संकलनाच्या खिडकीपेक्षा फिके दिसते, कारण फाइलीवरील रेक. ७०९ च्या शिक्क्याचा अर्थ मॅकची व्यवस्था आपल्या रीतीने लावते. फाइल बिघडलेली नसते. अशा वेळी घाबरून चित्रातच काळोख वाढविणारे महाभाग पुष्कळ. त्यांचे चित्र मग त्यांच्या एका यंत्रावर चांगले आणि इतर सर्वत्र काळवंडलेले दिसते.

पूर्वी ही भानगड नव्हती काय? होती, परंतु तिचे रूप वेगळे होते. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली, कोल्हापुरात असताना, 'सैरंध्री' हा बोलपट रंगांत काढण्याचे धाडस केले. दिग्दर्शक व्ही. शांताराम होते. रंगीत प्रती काढण्याची सोय हिंदुस्थानात नव्हती, म्हणून त्या जर्मनीत काढाव्या लागल्या. रंग मनासारखे उतरले नाहीत, आणि प्रभातने तो नाद काही काळ सोडून दिला. कोल्हापूरच्या उन्हात रंगविलेली वस्त्रे आणि जर्मनीतल्या रसायनांतून निघालेली चित्रे यांच्यामध्ये समान माप असे काही नव्हतेच. आजच्या मुंबई-पुणे भांडणाचे हे पूर्वरूप म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. पुढे १९३७ साली अर्देशीर इराणी यांचा 'किसान कन्या' आला, त्याच्या प्रती मात्र देशातच निघाल्या.

टेक्निकलर कंपनीने आपल्या ऐन भराच्या काळात यावर निराळाच उपाय काढला होता. कॅमेरा तिचा, रंगाचा सल्लागार तिचा, फिल्म धुण्याची प्रयोगशाळाही तिचीच. निर्मात्याने पैसे मोजावे आणि रंग कंपनीवर सोपवावा. सोहराब मोदी यांचा 'झाँसी की रानी' १९५३ साली टेक्निकलरमध्ये पडद्यावर आला, तेव्हा त्याच्या छायालेखनासाठी 'गॉन विथ द विंड' चे छायालेखक अर्नेस्ट हॉलर यांना आणण्यात आले होते. १८५८ च्या जूनमध्ये ज्या ग्वाल्हेरजवळ राणी धारातीर्थी पडली त्या शहरातील तिची समाधी आजही पाहावयास मिळते. तिच्या अखेरच्या लढाईला पडद्यावर रंग मिळाला तो अशा एकछत्री व्यवस्थेतून. रंगांची एकवाक्यता राहण्याचे कारण विज्ञान थोडे आणि मालकी अधिक, असा तो काळ होता. संगणक आला आणि ती मालकी मोडली. आज कॅमेरा एकाचा, संकलनाची प्रणाली दुसऱ्याची, व्हीएफएक्सची तिसऱ्याची आणि पडदा ज्याचा त्याचा. हे चांगलेच झाले. नाहीतर लहान निर्मात्याला रंग परवडला नसता. मात्र पूर्वी एका प्रयोगशाळेच्या भिंतीआड जी शिस्त आपोआप पाळली जाई, ती आता कागदावर लिहून पाळावी लागते.

ती शिस्त लिहून देण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न ऑस्कर पारितोषिके देणाऱ्या अमेरिकेतील चित्रपट अकादमीने केला. तिच्या 'एसेस' या पद्धतीची पहिली पूर्ण आवृत्ती २०१४ च्या अखेरीस निघाली. कल्पना अगदी सरळ आहे. कोणत्याही कॅमेऱ्याची फाइल आत येताना एकदाच, त्या कॅमेऱ्याच्या रेषेप्रमाणे, एका सामाईक विशाल रंगावकाशात उलगडायची. सर्व काम त्यात करायचे. आणि बाहेर जाताना, चित्रपटगृह असो की दूरदर्शन, त्या पडद्याच्या पट्टीत एकदाच उतरवायची. मधल्या प्रवासात कोणीही पाहण्याचा चष्मा चित्रात भाजायचा नाही. सर्व नद्यांना एकच संगम, म्हणजे प्रत्येक दोन नद्यांमध्ये निराळा कालवा खणावा लागत नाही. हे रूपांतराचे नियम निरनिराळ्या प्रणालींनी एकाच कोष्टकातून वाचावेत, म्हणून सोनी पिक्चर्सच्या इमेजवर्क्स विभागाने 'ओपन कलर आयओ' तयार केले आणि २०१० साली सर्वांना फुकट खुले केले. न्यूक आणि ब्लेंडर दोन्ही ते वाचतात. सरळ आकडे साठविणारी ईएक्सआर फाइल तर त्याही आधीची. जॉर्ज ल्यूकस यांच्या आयएलएम या संस्थेने ती २००३ मध्ये खुली केली. थोडक्यात, साधने सर्व उपलब्ध आहेत आणि बहुतेक विनामूल्य आहेत.

एसेस वापरलाच पाहिजे असे मात्र नाही. दोन माणसांच्या लहानशा कंपूने सर्व काम कॅमेऱ्याच्या मूळ लॉगमध्येच फिरविले आणि तो लॉग कोणता हे प्रत्येक तुकड्यावर लिहिले, तरी रंग टिकतो. पट्टी कोणती धरली यापेक्षा सर्वांनी एकच धरली की नाही, हे महत्त्वाचे. आणि ते पडताळण्याचा एक उपाय इतका सोपा आहे की, तो न करणाऱ्यांचे आश्चर्य वाटते. काम सुरू होण्यापूर्वी संकलकाने एकच चौकट पुण्याला पाठवावी. पुण्याने ती आपल्या प्रणालीत उघडावी, काहीही न करता पुन्हा बाहेर काढावी आणि परत धाडावी. संकलकाने ती मूळ चौकटीवर ठेवून दोहोंतील फरक दाखविणारी 'डिफरन्स' ही मांडणी लावावी. पडदा संपूर्ण काळा झाला तर वाट स्वच्छ आहे. मानमंदिराच्या फरशांची भुतासारखी अंधुक आकृती जरी दिसली, तरी कुठेतरी पट्टी चुकली आहे असे समजावे आणि पुढचे पाऊल टाकू नये. हा प्रयोग अर्ध्या तासाचा आहे.

दिग्दर्शकाला हवी असलेली रंगछटा, उदाहरणार्थ भिंत थोडी अधिक सोनेरी, ही चित्रात न भाजता शेजारी चिठ्ठीवर पाठविता येते. अमेरिकन छायालेखकांच्या संघाने त्यासाठी 'सीडीएल' नावाची रीत ठरविली आहे. तीत अवघे दहा आकडे असतात. पुण्याचा कारागीर ते दहा आकडे आपल्या चष्म्यात भरतो, दिग्दर्शकाला दिसते तेच पाहतो, आणि परत देताना चित्र मूळचेच देतो. जोडीला एक तयार नमुना-चित्र पाठवावे, म्हणजे चित्र कसे दिसायला हवे याबद्दल तोंडी वाद राहत नाही.

एवढे सर्व केले तरी पडदा उरतोच. ज्या पडद्यावर निर्णय घ्यायचा तो मोजमाप यंत्राने जुळवून घेतलेला नसेल तर बाकीची शिस्त पाण्यात गेली. चित्रपटगृहाच्या पडद्याचा पांढरा ४८ निट्स इतक्याच उजेडाचा असतो आणि भोवती अंधार असतो. घरातल्या फोनचा पडदा त्याच्या कितीतरी पट उजळ असतो, शिवाय रात्री आपोआप पिवळा होण्याची सोय त्यात असते. श्रोत्यांपैकी अनेकांनी हा पिवळेपणा अनुभवला असेल. अशा फोनवर व्हॉट्सअ‍ॅपने आलेला, दाबून लहान केलेला तुकडा पाहून रात्री अकरा वाजता 'निळा जरा कमी करा' असा निरोप धाडणारे निर्माते आहेत, आणि तो निरोप शिरसावंद्य मानणारे कारागीरही आहेत. त्या एका निरोपाने संपूर्ण शिस्तीवर बोळा फिरतो.

काही रंग मात्र शिस्तीनेही पूर्णपणे नेता येत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. रेक. ७०९ चा त्रिकोण हिरव्या-निळ्याच्या मधल्या प्रदेशात फार आखूड आहे, आणि झिलईदार फिरोजी फरशा नेमक्या त्याच प्रदेशातल्या. सकाळच्या उन्हात त्यांच्या काही छटा त्रिकोणाबाहेर पडू शकतात. अशा वेळी प्रणालीसमोर दोनच मार्ग असतात. बाहेरचा रंग थेट कडेवर आणून आपटायचा, मग निरनिराळ्या छटा एकाच सपाट निळ्यात मिसळून हंसांच्या मधली नक्षी नाहीशी होते. किंवा सगळ्याच छटा थोड्या थोड्या आत दाबायच्या, मग नक्षी राहते पण झळाळी जाते. चित्रपटगृहाच्या पी-३ मध्ये जागा जरा अधिक आहे, २०१२ मध्ये ठरलेल्या रेक. २०२० मध्ये त्याहून अधिक. कोणता मार्ग घ्यावा हे यंत्राच्या अंदाजावर सोडू नये. मोठ्या पडद्यासाठी आणि घरच्या संचासाठी छायालेखकाने शेजारी बसून दोन निरनिराळे निर्णय घ्यावेत, हे उत्तम.

या सर्व खटाटोपाला चित्रपटापलीकडचाही एक अर्थ आहे. मानमंदिराच्या कित्येक फरशा आतापर्यंत गळून पडल्या आहेत. उद्या एखादा जीर्णोद्धार करणारा कारागीर विचारील की, पडलेल्या फरशीचा निळा नेमका कोणता होता. बाबराने हिरवा लिहिला आहे, प्रवासी निळा म्हणतात. त्याला आधार उरेल तो आज घेतलेल्या चित्रणाचा. तयार चित्रपट त्याच्या उपयोगी पडणार नाही, कारण त्यातला निळा दिग्दर्शकाच्या आवडीचा असतो. त्याला कॅमेऱ्याची मूळ फाइल लागेल, ती कोणत्या लॉगमध्ये आहे याची नोंद लागेल, आणि चौकटीत कुठेतरी २४ चौकोनांचा तो परिचित रंगतक्ता लागेल. १९७६ पासून हा तक्ता वापरात आहे आणि त्यातील प्रत्येक चौकोनाचे माप प्रसिद्ध आहे. भिंतीपाशी, भिंतीवर पडणाऱ्याच उन्हात, तो दहा सेकंद धरावा. ऊन बदलले की पुन्हा धरावा, आणि त्या दहा सेकंदांची फाइल संकलनात कामाची नाही म्हणून पुसून टाकू नये.